अर्थिंगचं पाणी

धाराशिव जिल्ह्यात लग्न मुहूर्तावर लागतं आणि पेन ड्राइव्हवर बाळ रांगायला लागल्यावर येतं. मधल्या काळात ते कुठे असतं, हा प्रश्न नवरानवरीला फारसा पडत नाही, त्यांना तेव्हा दुसरे उद्योग असतात. पण मुलीच्या आईला तो पडतो आणि ती फोन करत राहते. त्या काळात ते लग्न एका खोलीत मुक्कामाला असतं. अशी खोली तुळजापूरला आहे, उमरग्याला आहे, कळंबला आहे, परंड्याला आहे. बहुधा एखाद्या दुकानाच्या माडीवर, अरुंद जिन्याच्या टोकाला. बाहेर पाटी असते, 'फोटो स्टुडिओ व व्हिडिओ मिक्सिंग'. चपला दारात काढायच्या. आत कायमची बंद केलेली खिडकी, कण्हत चालणारा एसी, भिंतीवर आई तुळजाभवानी, आणि तिच्या बरोबर खाली दोन पडदे, ज्यांवर कुणाची ना कुणाची हळद दिवसभर चालू असते. खंडेनवमीला इथे कॅमेरा, कीबोर्ड, हार्ड डिस्क यांना झेंडू वाहतात. एखादी पाकळी बटणांच्या फटीत उतरते आणि दिवाळीच्या सुमारास स्पेसबार अडकायला लागतो.

माझं तिथे काम काहीच नसतं. संध्याकाळी नदीकाठी जाऊन बसणारी माणसं असतात. आमच्या तेरणा, मांजरा, बोरी वर्षातले बरेच महिने आपलं पाणी कुठे गेलं याचा विचार करत पडलेल्या, म्हणून मी मिक्सिंगवाल्याच्या माडीवर बसतो. सगळं सुरळीत चाललेलं असेल तर तिथे पाहण्यासारखं काही नसतं. वरातीतला घोडा अडला की लोक नवऱ्या मुलाकडे पहिल्यांदा नीट बघतात, तसं यंत्र रुसलं की त्या खोलीला चेहरा येतो.

खोलीतल्या गृहस्थांना सगळे मालक म्हणतात, मीही म्हणतो. पडदा काळा झाला की त्यांच्या हाताखालचं पोरगं धावाधाव करतं. त्याला विंडोज नव्याने टाकायचं असतं, ग्राफिक्स कार्ड बदलायचं असतं, पुण्याला कुणाला तरी फोन लावायचा असतो. मालक आधी चष्मा पुसतात. मग विचारतात, "वायर बसलीय का?" पोरगं दुखावतं. एवढं शिकून शेवटी वायर! पण मालकांची वहिवाट ठरलेली आहे. आधी भिंतीवरचं बटण, मग वायर, मग पडद्यामागची पिन, मग पेटी उघडायची. सॉफ्टवेअरचं नाव घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. त्यांचं म्हणणं असं, की महागाची वस्तू आपणहून सहसा बिघडत नाही, तिला कुणीतरी बिघडवतं, आणि ते कुणीतरी नेहमी टेबलाखाली, धुळीत, कुणाचं लक्ष नसलेल्या जागी बसलेलं असतं. लाखाच्या यंत्राला गुडघ्यावर आणणारी वायर शंभराच्या आत येते. हा न्याय मला फक्त यंत्रांपुरता वाटत नाही. पण मालक यंत्रांपलीकडचं काही बोलत नाहीत.

पेटी उघडली की पहिला मान रॅमचा. ती पट्टी खाचेतून काढायची, तिच्या कडेचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासायचे, भुगा फुंकून टाकायचा आणि टक्क आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा दाबायची. आमच्या काळ्या मातीची धूळ बंद खिडकीलाही जुमानत नाही. तिचा पातळ थर त्या दातांवर बसला की संपर्क तुटतो, आणि आपल्याला स्मरणशक्ती नावाची काही वस्तू होती हेच यंत्राला आठवत नाही. ते नुसतं टूं टूं करत राहतं. खोडरबराने ती परत येते, ही गोष्ट माझ्या मनाला अजून पटलेली नाही. ज्या वस्तूने आम्ही शाळेत लिहिलेलं पुसलं, तिनेच इथे पुसलेलं उजेडात आणावं!

खोडरबराने भागलं नाही तर टपली. कोपऱ्यातला जुना व्हीसीआर तर टपलीशिवाय जागाच होत नाही, आणि ती मारायची जागा मालकांनाच ठाऊक. टपलीला आमच्या जिल्ह्यात थोर परंपरा आहे. तेर आमचंच. तिथे गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं हे पारखलं, आणि बिचारे नामदेव कच्चे निघाले, अशी कथा आहे. बाकीच्यांनी थापटणं निमूट सोसलं, नामदेवांनी मात्र तक्रार केली. मालकांच्या टपलीचाही हाच नियम आहे. टपली मारल्यावर जो भाग कुरकुरतो, तो ढिला.

हार्ड डिस्कला मात्र ते टपली मारत नाहीत. ती चुकचुकली, की हातातलं काम टाकून तिच्यातला डेटा आधी दुसरीकडे हलवतात. पालीचं चुकचुकणं खरं की खोटं यावर घराघरांत वाद आहेत; डिस्कच्या बाबतीत या खोलीत कधीच वाद होत नाही.

पूर्वी हे काम याहून निगुतीचं होतं. डीव्हीच्या छोट्या कॅसेटवरचं लग्न फायरवायर नावाच्या वायरने संगणकात उतरवायचं. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठच मिनिटं लागत, त्यात सवलत नव्हती. तासाभराच्या लग्नाला तेरा जीबीच्या आसपास जागा लागे, आणि फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नसे, म्हणून वीस मिनिटं व्हायच्या आतच तुकडा पडायचा, तोही नेमका कन्यादानात. मध्येच कुणी दुसरा प्रोग्रॅम उघडला की चित्रांची गळती सुरू. सेकंदाला पंचवीस चित्रं. त्यांतली काही गळाली की अंतरपाटाआडचा नवरदेव एका उडीत माळ घालून मोकळा. म्हणून कॅसेट उतरत असताना मालक कुणाला माउसला हात लावू देत नसत, आणि स्वतः समोर बसून सगळं लग्न बघत. मला वाटतं, या जिल्ह्यातली कित्येक लग्नं सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलेला माणूस हा एकटाच. भटजींचंही लक्ष मध्ये दक्षिणेकडे जाऊन येतं.

मग घड्याळाचा सेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. मोठ्या पेटीचा वीजपुरवठा बंद असतानाही काळाचं भान राखणं एवढंच त्याचं काम. कॅमेऱ्याच्या पोटातही त्याचा एखादा धाकटा भाऊ असतो. तो मेला की यंत्र कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसतं आणि तिथून नव्याने संसार मांडतं. मग भर वैशाखातली, वेगवेगळ्या गावांची लग्नं १ जानेवारीच्या मध्यरात्री लागलेली दिसतात आणि एकाच्या मांडवातली विहीण दुसऱ्याच्या रुखवतापाशी उभी राहते. पोरगं या प्रकाराला फार हसतं. मला हसू येत नाही, कारण माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आहे. मास्तर पोराचा कान धरून शाळेत आणत, जन्मतारीख विचारत, आई सांगे की त्या साली ज्वारी चांगली आली होती. आणि मास्तर शांतपणे १ जून लिहीत. काळाचा धागा सुटला की कुठलीतरी एक तारीख धरून पुढे चालायचं, हा शहाणपणा कॅमेऱ्याच्या आधी जिल्हा परिषदेच्या शाळेला सुचलेला आहे.

सगळ्यात धडकी भरवणारा बिघाड म्हणजे लाल पाटी. सकाळी प्रीमिअर हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर उघडावं, तर काल जिथे मंगलाष्टका चालू होत्या तिथे लालभडक पडदा, त्यावर 'मीडिया ऑफलाइन' हा निरोप अनेक परक्या भाषांत, परदेशी दूतावासाच्या दारावर नोटीस लावावी तसा. मराठी त्यात नाही, पण लाल रंग वाचायला भाषा लागत नाही. पोरगं पांढरं पडतं. खरं तर लग्न कुठेही गेलेलं नसतं, ते डिस्कवर जागच्या जागी असतं. आदल्या रात्री कुणीतरी नीटनेटकेपणाच्या उत्साहात फोल्डरचं नाव बदललेलं असतं, इतकंच. हे सॉफ्टवेअर चित्रं स्वतःजवळ ठेवत नाही, त्यांचे पत्ते ठेवतं. पत्ता बदलला की त्याच्या लेखी माणूस वारला. तुम्ही बोट धरून नवा पत्ता दाखवलात की सगळं वऱ्हाड हसत परत येतं.

२०२३ साली आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. मालकांच्या कपाटातल्या जुन्या डिस्कांवर मार्करने 'उस्मा.' लिहिलेलं आहे, नव्यांवर 'धारा.' त्या साली त्यांनी भिंतीवर एक चिठ्ठी डकवली, 'जुन्या फोल्डरच्या नावांना हात लावू नये.' त्यात राजकारण काडीचंही नव्हतं, लाल पाटीचं भय होतं. एसटीतल्या म्हाताऱ्या अजून दोन्ही नावांनी तिकीट मागतात आणि एकाच स्टँडवर उतरतात. माणसाच्या डोक्यात जुना पत्ता आणि नवा पत्ता भिंतीला भिंत लावून नांदतात. यंत्राला मात्र एका अक्षराचा फरक खपत नाही. एवढ्या एका बाबतीत आमच्या म्हाताऱ्या संगणकाच्या पुढे आहेत.

आणि विजेबद्दल काय लिहावं? "मालक, रेंडर होऊलालंय," असं, म्हणजे तयार लग्नाची अखेरची फाइल लिहिली जातेय असं, पोरगं म्हणतं तेव्हा खोलीत सगळे हळू बोलतात. नव्वद टक्के. पंचाण्णव. नव्याण्णव. इथे लाइट जाते. यूपीएस ओरडायला लागतो, पण त्याची बॅटरी म्हातारी झालेली, तो फक्त बातमी देतो, मदत करत नाही. लाइट आल्यावर बघावं तर फाइल आहे, वजनही जवळजवळ पूर्ण, पण उघडत नाही. एमपी-४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर आधीचं सगळं असूनही असून नसल्यासारखं. त्या खोलीत बसून नव्याण्णव या आकड्याबद्दलचा माझा आदर कमी झाला आहे. मे महिन्यात तर विजेच्या जोडीला उष्माही असतो. पेटीतले पंखे धुळीने गुदमरतात, प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवण्यासाठी स्वतःच सावकाश चालायला लागतो. पोराला तो बिघाड वाटतो. मालक ब्लोअर घेऊन पेटी गॅलरीत नेतात, धुळीचा लोट रस्त्यावर सोडतात आणि म्हणतात, "दुपारी आपण तरी काय वेगळं करतो?"

आवाज आणि चित्र यांची फारकत हा बिघाड ओळखण्यात वहिनींचा, म्हणजे मालकांच्या बायकोचा, हात कुणी धरत नाही. कॅमेरा सेकंदाला ठरलेली पंचवीस चित्रं घेतो. पाहुण्यांच्या मोबाइलचं तसं नाही, उजेड कमी झाला की तो चित्रंही कमी घेतो आणि मनाला येईल त्या चालीने चालतो. दोघांना एका पट्टीवर बसवलं की आवाज हळूहळू पुढे सरकतो. तासन्‌तास पडदा बघणाऱ्या मालकांना ते कळेनासं होतं. वहिनी चहा घेऊन येतात, दारातच थबकतात. "अहो, टाळी आधी वाजूलालीय की." वाजत असते. १९१३ साली पडद्यावर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत, फिल्म धुवायलाही त्याच असत. आपल्याकडच्या या धंद्याची अगदी सुरुवातीची एक लॅब म्हणजे राहतं घर होतं, आणि तिथे यंत्राच्या रुसव्याफुगव्यांशी गाठ घरातल्या बाईची पडली. वहिनींना हे मी एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना चहा कोण करून देत होतं?"

पण माझा सगळ्यात लाडका बिघाड म्हणजे गुणगुण. उन्हाळा वाढत गेला की लॅबमधल्या स्पीकरला एक खर्जातला सूर लागतो, दूरच्या विहिरीवर मोटर चालू असावी तसा. सनई बंद केली तरी तो असतो, मंगलाष्टकांच्या पाठीमागे असतो, मौनातही असतो. पेटीला कोपर लागलं तर मुंग्या येतात. हा पन्नास हर्ट्झचा सूर, आपल्या घरातल्या विजेचा स्वतःचा. एरवी तो अर्थिंगच्या तारेने निमूटपणे जमिनीत उतरतो. इमारतीच्या मागे खड्डा असतो, त्यात कोळसा आणि मीठ यांच्या थरांत धातूची पट्टी किंवा नळी पुरलेली. ओल असेपर्यंत जमीन विजेला पोटात घेते. ओल गेली की जमीन हात आखडते, आणि वाट न मिळालेली वीज माडीवरच्या स्पीकरमध्ये येऊन गुणगुणत बसते.

उपाय सोपा आहे. खड्ड्यात पाणी ओतायचं. पण सोपा उपाय आमच्या जिल्ह्यात अवघड होऊन बसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आमच्याकडेही टँकरकडे डोळे लावून घागरी रांगेत बसल्या होत्या. अशा दिवसांत मालक भरली बादली घेऊन इमारतीच्या मागे जात आणि ती एका खड्ड्यात रिकामी करत. ना तिथे तुळस, ना कढीपत्ता, ना जनावर. शेजारणी बघत राहायच्या. वहिनींनी तोडगा काढला, भांडी विसळलेलं पाणी अर्थिंगला आणि तांदूळ धुतलेलं तुळशीला. मालक खाली बादली ओतायचे, पोरगं माडीवर स्पीकरला कान लावून बसायचं आणि जिन्यावरून ओरडायचं, "कमी झालं!" मला ते दृश्य फार आवडायचं. तहान कुठे लागली आहे आणि ती ओरडते आहे कुठे, हे शोधून काढणं हीच या धंद्यातली निम्मी विद्या असावी.

अशाच एका उन्हाळ्यात लोहाऱ्याकडची एक बाई पिशवीतून व्हीएचएस कॅसेट घेऊन आली. मावशीच्या लग्नाची, १९९१ सालची. तिच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात तिचं घर गेलं आणि आजीही गेली. लातूर आणि आमचा जिल्हा मिळून ५२ गावं नंतर नव्या जागी वसली, तिचं गाव त्यांतलंच. कॅसेट तेव्हा मावशीच्या सासरी होती म्हणून वाचली. आजीचा फोटो होता, आवाज नव्हता. "यात असंल का?" तिने विचारलं.

मालकांनी त्या दिवशी हातातली सगळी लग्नं बाजूला ठेवली. कॅसेटचे स्क्रू काढून टेप बुरशीतून हळूहळू सोडवली, चांगल्या कवचात बसवली. व्हीसीआरचं हेड स्पिरिट लावून पुसलं, तेही आडवंच. उभा हात फिरला तर हेड जातं. मग टपली. पडद्यावर आधी बर्फ पडलं, मग ट्रॅकिंगची पांढरी रेघ खाली सरकली आणि एक वाडा वर आला, जाड दगडमातीच्या भिंतींचा, माळवदाचा. माळवदाच्या कडेला पोरांची रांग, खाली पंगत. आजी वाढत होती, वाकत होती, कुणाला तरी रागावत होती. तोंड हलत होतं, आणि आवाज मात्र त्या सालच्या कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याचा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अख्ख्या लग्नावर गाणी चढवलेली होती. आजीच्या तोंडून मुंबईची गायिका बोलत होती. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसताना तिचे डोळे भरले.

मालक कॅसेट चालवत राहिले. सवयच ती, पूर्ण बघायची. आणि पंगत उठता उठता गाणं तुटलं. तेव्हाच्या मिक्सिंगवाल्याच्या टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटची बाजू संपली असणार, आणि ती उलटायला त्याला उशीर झाला असणार. तेवढ्या काही सेकंदांत, भांड्यांच्या आवाजातून, एक बाईमाणूस ओरडलं, "माळवदावरच्या लेकरांना खाली घ्या रं, पडतेल!" आणि दुसरं गाणं सुरू झालं.

मालकांनी तेवढा तुकडा वेगळा काढला, आवाज वाढवला. आजीबरोबर तो खर्जातला सूरही वर आला. त्या मिक्सिंगवाल्याच्याही अर्थिंगला पाणी कमी पडलं असावं. तो काढायला मालकांनी फिल्टर लावला, तशी आजी पातळ होऊ लागली. बाई म्हणाली, "राहू द्या, दादा. असू द्या तेवढं."

तेव्हापासून मालकांना एक खोड लागली आहे. ड्रोनची दृश्यं, संथ चाल, गाण्यावर गाणी, गिऱ्हाइकाला हवं ते सगळं ते देतात. पण पंगतीच्या जागी दोनेक मिनिटं काहीच टाकत नाहीत. भांडी वाजतात, कुणी मीठ मागतं, कुणी कुणाच्या नावाने हाका मारतं. पेन ड्राइव्ह घरी पोचला की हमखास फोन येतो, "मालक, जेवणाच्या वक्ताला गाणं टाकायचं राहिलंय बगा. बिघाड झाला का काय?"

"बिघाडच आहे," मालक सांगतात. "दुरुस्त व्हायला वीस वर्षं लागतील."